न धुतलेली भांडी

माझ्या सासूला शहरानं चोर ठरवलं, आणि त्याला कारण एवढंच की तिनं सापडलेली भांडी धुतली नाहीत. धुतली असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मी हे सगळं रागानं लिहिणार आहे. इतकी वर्षं झाली तरी तो राग उतरलेला नाही आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. आमचा कोळीवाडा खाडीच्या अलीकडे आणि शहर पलीकडे. शहर म्हणजे काय, तर एक बाजारपेठ, मामलेदार कचेरी, इंग्रजी शाळा, चार आळ्या आणि एक म्युनिसिपालिटी. मुंबईच्या माणसाला त्याला शहर म्हणताना हसू आलं असतं. पण आम्ही खाडी ओलांडणाऱ्या तरीतून उतरून धक्क्यावर पाय ठेवला की शहरात आलो असंच म्हणत होतो, आणि तिथले लोकही आमच्या टोपल्या जवळून गेल्या की नाकाला पदर लावून आपण शहरातले असल्याची आठवण करून देत होते. मग त्याच टोपलीतले बोंबील संध्याकाळी त्यांच्या ताटात असत, ती गोष्ट वेगळी.

मी माहेरची रेवदंड्याकडची. वडिलांना कसली हौस होती कोण जाणे, त्यांनी मला मराठी चौथीपर्यंत शिकवलं. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या वाड्यात वाचता येणारी बाई मी एकटीच. सासूनं पहिल्याच आठवड्यात शेजारणीला सांगितलं, "सून शिकलेली हाय गो. आता बोंबील वाचून दाखवील." मी तिला आय म्हणत असे. ती मला नावानं कधी हाक मारत नसे, "ए शालेवाली" म्हणायची. मासा साफ करताना माझा हात चुकला की, "पुस्तकात लिवलेलं न्हाय वाटतं?" असा टोमणा यायचाच. दोन वर्षं मी तो ऐकून घेतला.

होडी पुरुषांची आणि बाजार बायकांचा, ही आमच्यातली वाटणी. सासरे आणि नवरा समुद्रावर असत. बाजाराच्या कौलारू छपराखाली तिसऱ्या खांबाशी आयची जागा होती. तिच्या आधी तिच्या सासूची होती, आणि तिच्या आधी त्या सासूच्या सासूची. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की आय त्या खांबाला टेकून बसे, आणि टेकून टेकून त्या लाकडाला एक गुळगुळीत जागा झाली होती. तिच्या मागून तिथं मी बसणार हे ठरलेलं होतं. आमच्याकडे शेत नाही, वाडी नाही. जी काय इस्टेट म्हणायची ती तो खांब.

आता म्युनिसिपालिटीच्या प्रेसिडेंटबद्दल. लाकडाच्या वखारीचे मालक, गोरेपान, कानात अत्तराचा फाया, आणि बोलायला असे गोड की ऐकणाऱ्याला मुंग्या लागाव्या. निवडून येताना त्यांनी रस्त्यावर कंदील लावायचं आणि चौकातली मोठी विहीर उपसायचं कबूल केलं होतं. कंदील लागले, पण त्यात घासलेट नसे. विहिरीचं तर कुणी नावच घेईना. पुढची निवडणूक जवळ आली तशी लोकांनी विचारायला सुरुवात केली. मग प्रेसिडेंटनी चोरांचा विषय काढला.

चोऱ्या झाल्याच नव्हत्या असं मी म्हणत नाही. एका आळीत वाळत घातलेलं धोतर गेलं. विहिरीवरून दोघी-तिघींचे तांबे गेले. कुणाची कोंबडी गेली, ती मुंगसानं नेली की माणसानं हे कोंबडीलाच ठाऊक. पण एवढंसं बाजाराला एक फेरी घालून येईपर्यंत त्याची टोळी झाली. कुणी म्हणे दहा माणसं आहेत, कुणी म्हणे वीस. अंगाला तेल लावून येतात, कौलं काढून आत उतरतात. कुणी पाहिलं, असं विचारलं तर ज्यानं पाहिलं त्याला ओळखणारा माणूस सांगणाऱ्याच्या ओळखीचा निघे. भरदिवसा दारं लागायला लागली. ज्या घरांत आय सरळ मागल्या पडवीत जाऊन टोपली उतरवायची, तिथं आता खिडकीतून विचारणा व्हायची, "कोण आहे?" वीस वर्षांची गिऱ्हाइकं ती.

एका सभेत प्रेसिडेंट म्हणाले, "शहरातल्या प्रत्येक घराचं मागलं दार कुणाला माहीत आहे, याचा नागरिकांनी विचार करावा." उत्तर त्यांनी दिलं नाही. द्यायची गरजही नव्हती. मागल्या दारानं आम्ही जात होतो, कारण पुढल्या दारानं आम्हाला कुणी घेत नव्हतं. आणि कोळीवाडा म्युनिसिपालिटीच्या हद्दीबाहेर असल्यामुळे आम्हाला मत नव्हतं. कंदिलाबद्दल बोललं तर कंदिलाखाली राहणारा मतदार चिडायचा. आमच्याबद्दल काहीही बोललं तरी चिडणाऱ्याच्या हातात मत नव्हतं. प्रेसिडेंट हुशार होते, हे मी नाकारत नाही.

आता आमची एक चाल सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. समुद्रानं किनाऱ्यावर काही आणून टाकलं, वल्हं असो, पिंप असो, कापडाचा गठ्ठा असो, तर सापडणाऱ्यानं ते घरी न्यायचं नाही. देवीपुढच्या चौथऱ्यावर आणून ठेवायचं, आणि तीन दिवस तसंच राहू द्यायचं. ज्याचं असेल त्यानं स्वतः यायचं, चारचौघांसमोर वस्तूची खूण सांगायची आणि घेऊन जायचं. आमच्यात त्याला "निशानी सांग नि ने" म्हणतात. तीन दिवसांत कुणी आलं नाही तर चौथ्या दिवशी वस्तू सापडणाऱ्याची. पण यातलं मुख्य कलम असं की त्या तीन दिवसांत वस्तू धुवायची नाही. चिखल असला तर चिखलासकट ठेवायची. धुतली म्हणजे आपली केली, आणि दुसऱ्याची वस्तू आपली केली म्हणजे चोरी. ज्या लोकांना शहर चोर म्हणत होतं त्यांच्याकडे चोरीची व्याख्या इतकी बारीक होती.

वैशाख संपत आला होता. मोठी ओहोटी होती म्हणून आय आणि मी खाडीच्या तोंडाशी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला गेलो. चिखलात माझा पाय कशाला तरी लागला. गोणपाटाचं बाचकं होतं, दोरीनं आवळलेलं आणि अर्धं कुजलेलं. दोघींनी ओढून काढलं. आत एक घंगाळ, एक हंडा, एक परात आणि चार तांबे. तांब्या-पितळेची भांडी, पण खारट चिखलात राहून कोळशासारखी काळी पडलेली, वर वाळू आणि शेवाळ बसलेलं. कुठलं तांब्याचं नि कुठलं पितळेचं तेही कळत नव्हतं.

आयनं बाचकं डोक्यावर घेतलं आणि चौथऱ्याची वाट धरली. मी तिला थांबवलं. "आय, आजकाल दिवस बरे नाहीत. घरी नेऊन घासून बघूया. भांड्यावर नाव असतं. नाव कळलं की ज्याचं त्याला पोचवू."

"येडी झालीस काय गो? तीन दिस धुवाचं न्हाय."

"मग परत चिखलात टाकूया."

"समिंदरानं दिलेलं परत त्याच्या तोंडावर फेकाचं? तुज्या शालेत असला शिकवतान व्हय?"

वाड्यातल्या दोन म्हाताऱ्यांनीही तिला सांगून पाहिलं की बाई, शहरात बोंब चालली आहे, आत्ता हे नको. ती म्हणाली, "बोंब त्यांची, चाल आपली." आणि भर चौथऱ्यावर, तरीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी तिनं ती भांडी ओळीनं मांडून ठेवली. आमच्या लोकांशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. चोरानं माल लपवला असता, शहाण्यानं धुतला असता.

दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीचा शिपाई सुकट घ्यायला आला. त्यानं चौथऱ्याकडे बघितलं, सुकट न घेताच परत तरीत बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी तरीनं दोन खेपा करून माणसं आणली. पुढं प्रेसिडेंट, त्यांच्यामागं फौजदार आणि दोन पोलीस, आणि मग आळ्याआळ्यांतून गोळा झालेले प्रतिष्ठित.

"हा माझा हंडा," एक गृहस्थ लांबूनच म्हणाले. दुसऱ्यांना परात ओळखू आली. तांबे चार आणि मागणारे सहा. ते मुद्दाम खोटं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही. काळा पडलेला तांब्या कुणाच्याही तांब्यासारखा दिसतो, आणि महिनाभर ज्यांच्या डोक्यात टोळी भरवलेली होती त्यांना आपली भांडी कोळीवाड्यात दिसणारच होती.

आय चौथऱ्यापुढं उभी राहिली. "तुमची आसतील तर न्या की. निशानी सांगा."

गृहस्थ फौजदाराकडे बघायला लागले. प्रेसिडेंट हसले. "म्हणजे आता चोरापुढं निशाणी सांगायची?"

"चोर कोन? चोरलेला कुनी असा उनात मांडून ठेवतंय?"

"बाई, भांडी कुणी काढली?" फौजदारानं विचारलं.

"मी काढली. आज तिसरा दिस हाय. आज कुनी निशानी सांगितली न्हाय तर उद्या माजी."

हे तिचं वाक्य त्यांनी कबुलीजबाब म्हणून लिहून घेतलं. मी तिथंच होते. लिहिणाऱ्या पोलिसाच्या खांद्यावरून मी वाचलं: 'भांडी आपण काढली व ती आपलीच होणार होती असे सांगते.' एकही शब्द खोटा नव्हता आणि सगळं खोटं होतं. अक्षरांची भीती मला आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी वाटली.

भांडी गेली, आणि भांड्यांबरोबर आयही. संध्याकाळपर्यंत तिला कचेरीच्या ओसरीवर बसवून ठेवलं. आमच्या पाटलानं जामीन दिला तेव्हा सोडलं, पण निकाल लागेपर्यंत बाजारात पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद देऊन. निकाल विरुद्ध लागला तर तुरुंग, आणि सुटून आली तरी परत खांब नाही. प्रेसिडेंटनी जाहीर केलं की शनिवारी, बाजाराच्या दिवशी, चौकात भांडी मांडली जातील, ज्यांची असतील त्यांनी नोंदवावी, आणि त्याच सभेत कोळीवाड्याचा कायमचा बंदोबस्त सांगितला जाईल. आमच्या प्रत्येक घरानं रोज चावडीवर हजेरी द्यावी अशी काहीतरी मागणी होती.

घरी आल्यावर आय रडली नाही. जेवलीही नाही. माझ्या नवऱ्यानं म्हटलं, जाऊन पाया पड, चूक झाली म्हण, सोडतील. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो जाळी विणायला बाहेर जाऊन बसला. मग ती मला म्हणाली, "शालेवाली, भांड्यावर नाव आसतंय म्हनालीस. तुला वाचता येल?"

"येईल."

"चुकनार न्हायस?"

"नाही चुकणार," मी म्हटलं.

शनिवारी आयनं हिरवं लुगडं नेसलं, सणाला नेसायची ते. टोपलीत कोकमाची सोलं, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेतली. वर केळीचं पान झाकलं. तरीवाला सोडेना, ताकीद आहे म्हणाला. आय म्हणाली, ताकीद बाजाराची आहे, चौकाची नाही. चौक आणि बाजार यांच्यात एक गटार होतं एवढाच फरक, पण होता.

चौकात ही गर्दी. टेबलावर पांढरी चादर घालून त्यावर ती काळी भांडी मांडलेली, बाजूला प्रेसिडेंट उभे. ते म्हणत होते की आपल्या घरात निर्धास्त बसता येत नसेल तर कंदील आणि विहिरी हव्यात कशाला. लोक माना डोलवत होते. आम्ही दोघी पुढं गेलो तशी वाट आपोआप झाली, कुणाला आमचा स्पर्श नको होता.

"पहा," प्रेसिडेंट म्हणाले, "धीटपणा पहा."

आयनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती फौजदारापुढं उभी राहिली. "सायेब, तीन दिस होऊन गेलं. आता धुतली तर माज्या देवीची हरकत न्हाय. तुमची हाय का?"

फौजदार थकलेला माणूस होता. चांगला होता का वाईट हे मला सांगता यायचं नाही, पण सहा माणसं चार तांबे मागत होती आणि ती भानगड त्याला मिटवायची होती. तो म्हणाला, "धुवा."

तिनं घंगाळ खाली उतरवलं, पदर खोचला आणि सबंध चौकासमोर फतकल मारून घासायला बसली. आधी सोलं चोळली, मग राख, मग शेंडी. प्रेसिडेंटचं भाषण चालूच होतं, पण लोक हळूहळू आयच्या हाताकडे बघायला लागले. काळ्यातून तांबूस रंग वर यायला लागला. बघणाऱ्या बायकांना राहवेना. "काठाशी घास, काठाशी," एकजण बोलून गेली. काठाशी टिंबाटिंबांची अक्षरं निघाली, भांड्यावर ठोकून काढतात तशी.

आयनं घंगाळ माझ्याकडे फिरवलं. मी एकेक अक्षर बोटानं धरून मोठ्यानं वाचलं. नाव इथं लिहीत नाही, ते बिचाऱ्या भल्या माणसाचं होतं. नावापुढं होतं, 'मुक्काम चौल'. आय हंडा घासत होती. हंड्यावर तेच नाव. परातीवर तेच. हंडा माझा म्हणणारे गृहस्थ कुठल्या वेळी गर्दीतून गेले ते कळलं नाही. तांबे घासायची वेळ आली तोवर मागणारा एकही उरला नव्हता. आयनं ते चारही घासले. एकही ठेवला नाही.

मला वाटलं, संपलं. आता हा माणूस खाली मान घालणार. मी तेव्हा वीस वर्षांची होते, पुढाऱ्यांचा अनुभव नव्हता. प्रेसिडेंट दुप्पट जोरानं म्हणाले, "नागरिक हो, आता कळलं? यांची मजल चौलपर्यंत गेली आहे."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी नव्हे. पण वाजल्या.

फौजदारानं मात्र चौलला माणूस पाठवला. पाचव्या दिवशी तिथले एक वृद्ध बागायतदार बैलगाडीतून आले. त्यांच्या नातीच्या लग्नासाठी मुंबईच्या बिऱ्हाडातली भांडी शिडाच्या पडावातून येत होती. वाटेत कुठल्याशा खाडीच्या तोंडाशी पडाव वाळूवर चढला, आणि हलका करण्यासाठी तांडेलानं वजनदार सामान पाण्यात टाकलं. जागा कुठली ते त्याला धड सांगता येईना, म्हणून त्यांनी आशा सोडली होती. कचेरीच्या ओसरीवर भांडी होती. आयला जबाबासाठी बोलावलं होतं, मी सोबत होते. नाव दिसत असूनही आय म्हणाली, "बाबा, निशानी सांगाची लागंल."

म्हाताऱ्यानं घंगाळाकडे न बघता सांगितलं, "नावाच्या उजवीकडल्या कडीला जोडाचा डाग दिलेला आहे. माझ्या आईच्या हातून ती कडी निखळली होती." कडीला डाग होता. आयनं घंगाळ दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढं ठेवलं. ते एक तांब्या तिला देऊ लागले, तो तिनं घेतला नाही. मग ते तरीतून आमच्याकडे आले आणि चौथऱ्यावर नारळ ठेवून गेले. बाहेरच्या कुणी त्या चौथऱ्यावर तोवर नारळ ठेवलेला नव्हता.

खटला निघाला नाही. हजेरीचंही बारगळलं. पण प्रेसिडेंटनी पुढच्या सभेत सांगितलं की त्यांच्या दक्षतेमुळे चौलच्या एका सद्गृहस्थाचा माल परत मिळाला. याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. ते निवडूनही आले. निवडून आल्यावर पहिलं काम केलं ते असं: धक्क्यावर एक फळा ठोकला. पिवळ्या रंगावर काळी अक्षरं. 'बिल्ल्यावाचून कोळणींस शहरात येण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून, प्रेसिडेंट, म्युनिसिपालिटी.' बिल्ला पत्र्याचा, वर आकडा, दोरीनं गळ्यात घालायचा.

आयनं बिल्ला घेतला नाही. "कुत्र्याच्या गल्यात शोभंल," म्हणाली. सुकी मासळी घेऊन ती आत शेतकऱ्यांच्या गावांतून पायी फिरायला लागली. चौपन्न-पंचावन्न वर्षांची बाई, पायांत वहाण नाही.

आणि मी घेतला. हे लिहायची मला लाज वाटते, पण दुसऱ्यांना बोल लावायचा तर स्वतःला वगळून चालणार नाही. खांब रिकामा राहिला तर दुसरी कुणी बसेल, ही भीती होती. मी बिल्ला चोळीच्या आत लपवायची. नाक्यावरचा शिपाई तो रोज बाहेर काढायला लावायचा आणि आकडा मोठ्यानं वाचायचा. आय मला यावर एक शब्द बोलली नाही. तिनं मला शालेवाली म्हणणं सोडलं होतं, एवढंच. त्यापेक्षा टोमणे बरे होते.

प्रेसिडेंटच्या घरी रोज मासळी लागे. त्यांची आई म्हणजे आयची वीस वर्षांची गिऱ्हाईक. ती मला मागल्या दाराशी हळूच विचारायची, "तुझी सासू कधी येणार? तुला घोळ मासा निवडता येत नाही गो."

आषाढात उधाण आलं आणि त्यात वारं. धक्क्याचे दोन दगड गेले, तरीचा दोर तुटला. दुसऱ्या दिवशी वारं पडलं तेव्हा आय किनाऱ्यावरून परतली ती डोक्यावर एक फळा घेऊन. पिवळा रंग, काळी अक्षरं. तिनं तो नेऊन चौथऱ्यावर उभा केला, गाळासकट, शेवाळासकट. गाव जमलं. हसावं की भ्यावं हे कुणाला कळेना.

"आय, हा सरकारी आहे," नवरा म्हणाला.

"मंग सरकार येल की. तीन दिस हायत."

शिपाई आला. फळ्याला हात लावणार तोच आय म्हणाली, "तुजा हाय?"

"म्युनिसिपालिटीचा आहे."

"तू म्युनशिपालटी हायस? ज्याचा त्यानं याचं, निशानी सांगाची नि न्याचा. चौलचं बाबा आलं व्हतं की. त्यांच्यापरीस मोटं हायत तुमचं प्रेसिडेन?"

शिपायानं तिकडे जाऊन काय सांगितलं कोण जाणे. प्रेसिडेंट आले नाहीत. कोळणींपुढं उभं राहून कोळणींच्या मनाईचा फळा परत मागायचा, ही कल्पना त्यांना रुचली नसावी. तिसरा दिवस मावळला. चौथ्या दिवशी सकाळी आयनं फळा धुतला. राखेनं, स्वच्छ. अक्षरं आधी होती त्याहून ठळक दिसायला लागली. "आता आपला," ती म्हणाली.

नारळी पुनवेनंतर होड्या गेल्या आणि पहिल्याच खेपेत आमच्या जाळ्यात मोठी घोळ आली. आयनं हिरवं लुगडं नेसायला काढलं. घोळ माझ्या टोपलीत दिली, आणि स्वतः फळा डोक्यावर घेऊन तरीत चढली. धक्क्यावर शिपायानं बिल्ला विचारला. आयनं विचारलं, "हुकूम कुठं हाय? वाचून दाखव." धक्क्यावर नुसते दोन खांब उभे होते. हुकूम तिच्या डोक्यावर होता, आणि तो वाचायचा तर शिपायाला तिच्यापुढं मान वर करावी लागली असती. त्यानं आम्हाला जाऊ दिलं.

तिसऱ्या खांबाशी आयनं फळा जमिनीवर टाकला, अक्षरांची बाजू वर. त्यावर घोळ आडवी ठेवली आणि कोयता काढला. बाजार गोळा झाला. पहिलं गिऱ्हाईक आलं ते प्रेसिडेंटची आई, स्वतः, पुढल्या वाटेनं. तिला वाचता येत नव्हतं. "आलीस एकदाची," म्हणाली आणि बसून मधले तुकडे निवडायला लागली.

कुणीतरी वखारीवर धावत गेलं असणार. प्रेसिडेंट आले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी आधी फळा बघितला आणि मग आईला.

"हा फळा म्युनिसिपालिटीचा आहे," ते म्हणाले.

आय उठली नाही. "आसंल. निशानी सांगा नि न्या. मी न्हाय म्हनत न्हाय."

खूण एकच होती, आणि ती वाचून दाखवावी लागणार होती. रक्तानं थोडी पुसट झाली होती, पण वाचता येण्याजोगी होती. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं. त्यांची आई तुकडे केळीच्या पानात घेऊन वर बघत होती, मुलगा काय वाचतो ते ऐकायला. सगळा बाजार ऐकायला उभा होता. त्यांनी तोंड मिटलं.

"आई, घरी चला," ते म्हणाले.

"थांब रे, डोकं घ्यायचं राहिलंय," म्हातारी म्हणाली.

आयनं घोळीचं डोकं 'सक्त मनाई'वर ठेवलं आणि कोयत्याच्या एका घावात त्याचे दोन भाग केले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ए शालेवाली, पान दे."

मी पान दिलं. चोळीतला बिल्ला काढून माशाच्या कल्ल्यांबरोबर टाकून दिला, आणि तिच्या शेजारी खांबाला टेकून बसले.